सात नंबरवरची खूण

आमच्या कामावर नियम पुष्कळ आणि पाळणारे थोडे. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, ती पाऊण तासाच्या आत कधी संपत नाही. परांचीवर चढताना कमरेला पट्टा बांधायचा असतो, तो साहेबांची गाडी दिसली की बांधतात. पण एक नियम छत्तीस वर्षांत मी कुणालाही मोडताना पाहिलेलं नाही. लोखंडावर खूण ज्याने केली, त्यानेच ती पुसायची. हा नियम फक्त मी मोडला, आणि तोही असा की बघणाऱ्याला वाटावं, पाळलाच आहे.

धरणाला बारा गेटं आहेत. एकेक गेट म्हणजे दुमजली घराएवढं लोखंडी दार. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला भुयार. पाणी उतरलं की दरवर्षी बाराही गेटं एकेक करून कोरडी करतात. गेटाच्या पुढ्यात जाड लोखंडी फळ्या एकावर एक सोडायच्या, त्यांना स्टॉपलॉग म्हणतात. मधलं पाणी उपसायचं, आणि त्या अरुंद, गार, शेवाळाचा वास मारणाऱ्या जागेत उतरून गेटाच्या तोंडाला भिडायचं. गंज खरवडायचा, रंग द्यायचा, झिजलेलं रबर बदलायचं. त्या रंगाच्या टोळीचा मिस्त्री मी.

आमच्या आधी तपासणारा उतरतो. त्याच्या हातात एक लहान हातोडी आणि खिशात पिवळा तेलखडू. तो पत्र्यावर ठोकत जातो. पत्रा शाबूत असेल तर खणखणीत वाजतो, कुठे बद्द आवाज आला तर तिथे तो खडूने गोल काढतो. मग ती जागा मोजायची, पत्रा खाल्ला गेला असेल तर वेल्डरने तुकडा बदलायचा. सगळं झालं की गोल काढणारा स्वतः थिनरचा बोळा घेऊन येतो, गोल पुसतो आणि रजिस्टरमध्ये लिहितो, ‘पत्रा तपासला, खूण पुसली.’ खाली सही. त्या सहीशिवाय आमचा ब्रश डब्यात बुडत नाही. दुसऱ्या कुणी खूण पुसली तर सडका पत्रा रंगाखाली गुपचूप झाकला जाईल, म्हणून हा नियम.

एकोणीस वर्षांपूर्वी तपासणारा होता माझा थोरला भाऊ. सगळे त्याला ठोकेमास्तर म्हणायचे. त्याची ठोकायची एक ठरलेली तऱ्हा होती. टक टक टक, मग जरा थांबायचा, मग एक टक. चौथ्या ठोक्याला तो डोळे मिटायचा. ही खोड घरापर्यंत आली होती. भोपळा घेताना ठोकायचा, कपाटाच्या दाराला ठोकायचा, मुलगी झाल्यावर तिच्या कपाळावर बोटाने ठोकून म्हणाला, ‘भरीव आहे.’ वहिनी म्हणायची, ‘मलाही बघायला आले तेव्हा वाजवूनच घेतलं असतं, माझे वडील समोर बसले होते म्हणून वाचले.’ दादा यावर नुसता हसायचा. बोलण्यात तो कंजूषच होता.

त्या वर्षी सात नंबरचं गेट पार उघडं लोखंड करून नव्याने रंगवायचं होतं. जुना रंग उतरवून झाल्यावर दादाने त्याच्या मधोमध, परांचीवर उभं राहिलं की छातीशी येईल एवढ्या उंचीवर एक गोल काढला. संध्याकाळी शिडीवरून वर येताना मी विचारलं, ‘त्या गोलाचं काय?’ तो म्हणाला, ‘बघू.’ दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरताना तो पायऱ्यांवर बसला. दम लागला असेल म्हणून मी पुढे गेलो. मागे वळून हाक मारली तेव्हा हातोडी मांडीवर होती आणि तो नव्हता.

पाचव्या दिवशी मी कामावर आलो. सगळं गेट मोकळं, करडं, रंगाची वाट बघत उभं होतं आणि मध्ये तो पिवळा गोल. नवा तपासणारा यायला पंधरा दिवस होते. पाणी तेवढं थांबणार नव्हतं. टोळीतली माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. दादाची खूण पुसणार कोण? ज्याने केली त्याने पुसायची, आणि तो तर राखेत गेलेला.

खरं सांगायचं तर मला ती पुसायचीच नव्हती. दादाच्या हाताचं जगात उरलेलं शेवटचं काही असेल तर तो गोल होता. त्याचं टोक नीट जुळलेलं नव्हतं, शेवटी खडू जरा खाली घसरला होता. मी त्यावर हात ठेवून उभा राहिलो आणि ढसाढसा रडलो. मग टोळीला म्हणालो, ‘एवढा तुकडा मी करतो.’ खूण न पुसता, जागा न मोजता, मी त्या गोलावर हळूहळू रंग चढवला. बाळाला पांघरूण घालावं तसा. वर गेलो आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘पत्रा तपासला, खूण पुसली.’ खाली माझी सही ठोकली. माझ्या अक्षराची कुणी शंका घेतली नाही. सख्ख्या भावाची कोण घेईल?

पुढच्या वर्षी गेट कोरडं केलं तर गोल परत आलेला. बाकी सगळीकडे रंग काचेसारखा, आणि मधोमध कडेकडेने फुगलेलं, तांबडं पाणी गाळणारं एक कडं. टोक न जुळलेलं, शेवटी खाली घसरलेलं. परांचीवरचा वेल्डर म्हणाला, ‘मिस्त्री, मास्तर आले.’ आणि कुणीच हसलं नाही.

त्यामागचं कारण मला माहीत होतं. शिकाऊ पोरसुद्धा सांगेल की तेलकट जागेवर रंग धरत नाही. तरी मी ते कारण स्वतःला सांगितलं नाही. मी कडं हलक्या हाताने खरवडलं, वर पुन्हा रंग दिला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दरवर्षी मीच, एकटाच. दुसऱ्या कुणी ब्रश नेला की मी खेकसायचो. टोळीत त्याला ‘मास्तरांचा डोळा’ म्हणू लागले. खाली उतरलं की कुणी कुणी त्याला हात लावून कामाला लागायचं. हातोडी मात्र तिथे एकोणीस वर्षांत कुणी मारली नाही. जे तपासणारे आले ते रजिस्टर बघायचे, माझं तोंड बघायचे आणि बाजूने ठोकून पुढे जायचे.

आणि मग तो आवाज.

धरण भरलेलं असलं की आठवड्यातून एकदा मी गेटांच्या मागच्या भुयारात जायचो, तारेच्या दोरांना ग्रीस लावायला. दुपारचे तीन-साडेतीन, दिवे लागलेले, भिंतींना घाम. सात नंबरपाशी आलो की ऐकू यायचं. टक टक टक. मग कुणीतरी श्वास घेईल एवढी उसंत. मग एक टक. पहिल्या खेपेला मी डबा तिथेच टाकून वर पळालो. बायको म्हणाली, ‘तुमचे कान वाजतात, डॉक्टरला दाखवा.’ पण क्रेनवाल्यानेही ऐकलं होतं. साहेब म्हणाले, कडेचं रबरी सील सैल झालंय, पाण्याने फडफडतंय. सील बदललं, पुन्हा एकदा बदललं. आवाज तसाच. एकदा धीर करून मी हातातल्या पान्याने गेटावर उलट ठोकलं. तीन, आणि एक. आतला आवाज बंद झाला. अगदी एखाद्याने कान टवकारावा तसा. मी तिथेच म्हणालो, ‘दादा, पुसली रे. लिहिलंय मी.’ पुढच्या आठवड्यात तो परत सुरू झाला.

मला वाटायचं, तो एकच विचारतोय. पत्रा सडका आहे हे सांगून गेलो होतो, तू काय केलंस?

मग या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. सात नंबर पुन्हा वाळूचा मारा करून पार उघडं करायचा हुकूम आला. आणि तपासणारी म्हणून माझी पुतणी बदलून आली.

दादा गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता इंजिनिअर. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘काका, कामावर मी तुम्हाला मिस्त्री म्हणेन. राग मानू नका.’ मी म्हणालो, ‘मी मॅडम म्हणेन. तू पण मानू नकोस.’ तिच्या हातात दादाची हातोडी होती. दादाचे कपडे आणि खिशातलं सामान ज्या पिशवीत घालून आम्ही घरी नेलं होतं, ती वहिनीने इतकी वर्षं उघडलीच नव्हती. पोरीची बदली इथे झाली तेव्हा उघडली.

ती खाली उतरली. वरच्या टोकापासून सुरुवात केली. मी खाली परांचीच्या बुडाशी उभा होतो. टक टक टक. थांबली. टक. मी शिडीचा दांडा घट्ट धरला. तिला ही तऱ्हा कुणी शिकवली ते मी विचारलं नाही, मला उत्तर नको होतं.

तीन दिवस ती ठोकत खाली खाली येत होती. चौथ्या दिवशी वाळूचं यंत्र लागणार होतं आणि त्याआधी गेटाच्या तपासणीवर तिची सही व्हायची होती. मला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं. ती मधल्या पत्र्यापर्यंत आली, रजिस्टर बघून इतरांसारखी बाजूने गेली, तर माझ्या खोट्यावर तिची सही पडणार. मग भरल्या धरणात दर आठवड्याला ती त्याच पत्र्याच्या मागे भुयारात उभी राहणार. अंगावर धरणभर पाणी आणि मध्ये दादाने बाद ठरवलेला पत्रा. आणि सांगितलं तर? छत्तीस वर्षांची नोकरी, वर्षाने निवृत्ती, ते सगळं एकीकडे. तिच्या वडिलांची शेवटची खूण मी दाबून टाकली, हे तिच्या तोंडावर कसं सांगू?

तिसऱ्या दिवशी दुपारी माणसं जेवायला वर गेली. ती गोलासमोर उभी होती. हातोडी खाली, नुसती बघत. मी परांचीवर चढलो. पट्टा बांधायचंसुद्धा सुचलं नाही.

‘मॅडम,’ मी म्हणालो.

‘बोला ना.’

‘हा पत्रा सडका आहे. दादाने काढलेली खूण आहे ही. मी पुसली नव्हती. मोजलं नाही, काही केलं नाही. वर रंग दिला आणि खोटी सही केली. त्याच्या हाताची होती म्हणून. मला पुसवेना.’

स्टॉपलॉगच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. मग तिने खिशातून एक वही काढली. तळहाताएवढी, कडा पिवळ्या पडलेली. दादाची खिशातली टिपणवही मी लगेच ओळखली.

‘पहिल्याच दिवशी मी ही आणि रजिस्टर शेजारी ठेवून वाचलं,’ ती म्हणाली. ‘तारखा जुळत नव्हत्या. मला कळलं होतं काहीतरी आहे.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही बोलायची वाट बघत होते. सहीपर्यंत.’

‘आणि नसतो बोललो तर?’

‘पत्रा मी मोजलाच असता. पण तुमच्या घरी आले नसते पुन्हा.’

तिने पान उघडून माझ्या हातात दिलं. चष्मा वर राहिला होता. मी म्हणालो, ‘तूच वाच.’

तिने वाचलं. ‘सात नंबर, मधला पत्रा. आवाज बद्द. मागे जाऊन पाहिलं, आडव्या तुळईत गाळ साचून पत्र्याला चिकटलेला, म्हणून आवाज बसला. गाळ काढला. पत्रा मोजला, बारा मिलिमीटर पूर्ण. शाबूत. खूण उद्या पुसणे.’

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हणालो, ‘शाबूत?’

‘शाबूत होता, काका.’

तिने मला काका म्हटलं तेव्हा कळलं. दादाने बाद ठरवलेला पत्रा मी लपवला नव्हता. चांगला पत्रा होता. तपासला हे मी लिहिलं तेसुद्धा खरं निघालं. खोटं होतं ते एवढंच की खूण पुसली. राहिलं होतं फक्त दोन मिनिटांचं काम, एक बोळा आणि थिनर. तेवढं मी केलं असतं तर सात नंबर आजही कोरा असता.

‘बाजूला व्हा,’ ती म्हणाली. तिने हातोडी उचलली. टक टक टक. रंगाचा थर खपलीसारखा सुटला. आत गंजाचे पापुद्रे, एकावर एक, बोटाने उचलता येतील असे. ती थांबली. मग चौथा ठोका मारला, आणि हातोडीचं टोक आत रुतलं. तिने यंत्र लावून मोजलं आणि आकडा माझ्याकडे वळवला. बारातले तीन उरले होते.

तेलखडूवर रंग धरला नाही. रंगाखाली पाणी शिरलं, मी वरून दरवर्षी झाकत गेलो आणि ते आत खात राहिलं. एकोणीस वर्षं भुयारात ठोकणारा दादा मला विचारत नव्हता की सडक्या पत्र्याचं काय केलंस. तो विचारत असेल तर एवढंच, की अरे, अजून पुसली नाहीस? मी त्याच्या आठवणीला जपलं म्हणत होतो. मी एक चांगला पत्रा सडवला. त्याला ते बघवलं नसतं. माणसाच्या दुखण्याकडे तो काणाडोळा करायचा, लोखंडाच्या नाही.

मी परांचीवरच खाली बसलो. ती शेजारी बसली, दादासारखीच, गुडघे जवळ घेऊन.

‘बाबा त्या संध्याकाळी काही बोलले होते का?’ तिने विचारलं.

‘बघू म्हणाला.’

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘आईला पण तेच म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी मला जत्रेत न्यायचं होतं, तर बघू म्हणाले.’

मग तिने थिनरचा डबा उघडला, बोळा भिजवला आणि माझ्यापुढे धरला.

‘नियम आहे,’ मी म्हणालो. ‘ज्याने केली त्यानेच.’

‘त्यांनी लिहून ठेवलंय पुसायची म्हणून. त्यांचा उद्या तेवढा राहिलाय. पुसा.’

गंजाच्या कडेला, सुटलेल्या रंगाखाली खडूची एक पिवळी रेघ अजून उरली होती, खाली घसरलेलं ते शेपूट. मी ते पुसलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग मी वर जाऊन साहेबांसमोर सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘चौकशी लागेल, मिस्त्री.’ मी म्हणालो, ‘लागू दे.’

वेल्डरने मधला तुकडा कापून काढला. नवा बसवला, घासला, जोड तपासले. वाळूचा मारा झाला, जस्ताचा थर चढला, वर रंग. ब्रश मी हातात घेतला नाही, नुसता खाली उभा राहून थर मोजून घेतले. चौकशी पुरी होईपर्यंत मला लोखंडाला हात लावायची मनाई होती आणि ती रास्त होती.

पुढचा नंबर आठ. तो कोरडा झाला आणि पहिल्या दिवशी ती ठोकत फिरली. दिवस कलता कलता खालच्या कोपऱ्यात बद्द आवाज आला, तिने गोल काढला. मागे जाऊन बघून आली, हात चिखलाने भरलेले. ‘गाळच आहे,’ म्हणाली. ‘मोजलं, पूर्ण आहे.’ वहीत लिहिलं. हातोडी पिशवीत टाकली, शिडीला हात घातला. थकली होती, चेहरा उतरला होता.

‘चला काका, फार झालं. खूण उद्या पुसते.’

माझ्या तोंडून आवाज जरा मोठाच निघाला असेल. ती शिडीवरच थांबली.

‘उद्या नाही,’ मी म्हणालो. ‘आत्ता पूस.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एक पायरी खाली उतरली, मी दिलेला बोळा घेतला आणि गोल पुसला. पिवळं काही उरलं नाही ना, म्हणून मी दिवा जवळ धरला. शेजारच्या सात नंबरच्या भिंतीला मी कान लावला. पलीकडे पाणी परत भरलं होतं.

‘काय ऐकू येतंय?’ तिने विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हणालो, आणि खरंच काही ऐकू येत नव्हतं. मी तरी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग तिला पुढे घालून शिडी चढलो.